वन अपॉन एक्सची रेघ

“आत्या, परात जरा सरकवा ना. कागद पिठात टेकतोय,” जयमाला म्हणाली.

“सरकवते. मीच सरकते की बाहेर. सैपाकघरात आता आमीच पाव्हने.” तिच्या सासूबाईंनी, भिमाबाईंनी, पिठाची परात गुडघ्यानं मागं ढकलली, पण त्या उठल्या नाहीत.

जयमालाचे सासरे रंभाजी स्टुलावर उभे राहून भिंतीला ड्रॉइंगचा कागद डकवत होते. खाली जयमालानं कागदाची दोन टोकं धरली होती. शेजारी आधीचे कागद होते. पहिल्यावर सरळ रेघ होती, तिचा चढ किती ते कोपऱ्यात लिहिलेलं. दुसऱ्यावर एक्सचा वर्ग, त्याला भिमाबाई ‘वाटी’ म्हणत. तिसऱ्यावर एक टोकदार आकृती होती, उणं असेल ते अधिक करून टाकणाऱ्या फंक्शनची. तिला त्यांनी ‘नरसाळं’ असं नाव दिलं होतं. भाकरी थापता थापता त्या भिंतीकडं बघत आणि आज कोणता धडा आहे ते बरोबर सांगत.

“आज काय, वाटी का नरसाळं?”

“आज दोन्ही. आणि फंक्शन कशाला म्हणायचं ते,” जयमाला म्हणाली. तिनं केरसुणीतली एक हिराची काडी ओढून घेतली आणि कागदावर उभी धरली. “ही काडी अशी डावीकडून उजवीकडे सरकवायची. काडी रेघेला एकाच ठिकाणी टेकली पाहिजे. दोन ठिकाणी टेकली तर ते फंक्शन नाही.”

तिनं काडी वाटीवरून सरकवली, मग नरसाळ्यावरून. दोन्ही पास झाली. मग तिनं ती तव्यावरच्या भाकरीवर धरली.

“बघा, इथं वर टेकली आणि इथं खाली. दोनदा.”

“म्हंजी भाकरी नापास?”

“नापास.”

“आन् वाटी पास!” भिमाबाईंनी भाकरी उलटली. “काय पन शाळा. खायाचं ते नापास, आन् ज्यात वाढायचं ते पास.”

रंभाजी स्टुलावरूनच हसले. त्यांना आवाज करून हसायची सवय नव्हती. खांदे तेवढे हलले.

रंभाजी भिंगारदिवे भिंगारमध्ये, लष्कराच्या एका ऑफिसात ट्रेसर होते. साहेब पेन्सिलीनं नकाशे काढत आणि ट्रेसर त्यावर पारदर्शक कागद पसरून ते शाईनं गिरवत. त्यावरून मग निळ्या प्रती निघत. कोठारं, गटारं, पाण्याच्या टाक्या, जवानांच्या बराकी, असं खूप काही त्यांच्या हाताखालून गेलं. त्यातलं एकही त्यांनी स्वतः आखलं नव्हतं, आणि तसं त्यांच्या मनातही कधी आलं नसावं. त्यांची ख्याती रेघेसाठी होती. शाईची रेघ एकदा सुरू केली की टोकाला पोचेपर्यंत पेन उचलायचं नाही, हा तिथला पहिला नियम. मध्ये उचललं की जोड दिसतो, शाईचा ठिपका होतो, आणि मग ब्लेडनं खरवडत बसावं लागतं. जवळच्या रेंजवर तोफांचा सराव चाले तेव्हा खिडक्यांची तावदानं थरथरायची. रंभाजींचा हात थरथरत नसे.

दुसरी गोष्ट त्यांना साहेबांमुळे अंगवळणी पडली होती. घाईत एखादं माप लिहायचं राहून जाई. ट्रेसरनं उठून साहेबाला विचारत बसायचं नसे. दोन्ही बाजूंची मापं बघायची, मधलं काय असेल ते ताडायचं आणि गुपचूप भरून टाकायचं. रंभाजींनी भरलेलं माप चुकलं, असं ऑफिसात कुणाला आठवत नव्हतं.

निवृत्त झाल्यावर शाईच्या बाटल्या, पट्ट्या आणि पेनं त्यांनी फळीवर ठेवून दिली होती. जयंतीच्या मिरवणुकीचा फलक रंगवायचा असला की तेवढी खाली येत. या वर्षी ती पुन्हा खाली आली ती सुनेच्या अभ्यासासाठी.

जयमालाची बी.एस्सी. एका पेपरसाठी अडून राहिली होती. कलनाचा, म्हणजे कॅल्क्युलसचा पेपर. लग्नाआधी दोनदा बसली, दोनदा गेला, आणि मग लग्नच झालं. आता विद्यापीठानं असे अडकलेले जुने विद्यार्थी बोलावून एक शेवटची संधी दिली होती. नगरच्या एका कॉलेजात त्यांच्यासाठी रविवारचा वर्ग निघाला. सुरुवातीला रेषा, फंक्शन आणि आलेख यांची उजळणी, मग तिची परीक्षा, आणि ती पास केली तरच पुढं कलनाच्या वर्गात बसायचं. जयमाला नगरमध्ये एका रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काम करायची. दिवसभर बाटल्यांवर नावं चिकटवून संध्याकाळी परत यायची. अभ्यासाला वेळ सकाळचा, स्वयंपाकाच्या वेळचा. म्हणून आलेख स्वयंपाकघरात लागले होते.

पास झाली तर पुढं काय, हेही ठरलेलं होतं. तिसगावजवळ मुलींचं एक वसतिगृह आणि शाळा होती. तिथली प्रयोगशाळा सांभाळायला आणि रात्री मुलींजवळ राहायला बाई हवी होती. डिग्री हातात आली की या, एक खोली आहे तुमच्यासाठी, असं तिथल्या बाईंनी फोनवर सांगितलं होतं. जयमालानं ते जेवताना सांगितलं. रंभाजी “बरं हाय” म्हणाले. भिमाबाईंनी त्या दिवशी भांडी जरा जास्त जोरात घासली.

कागद डकवून झाला तेवढ्यात कल्याणराव आले. ते रंभाजींच्याच ऑफिसात अमोनियाचं छपाई मशीन चालवायचे. त्या वासानं त्यांचं नाक कायमचं बसलं होतं, आणि भिमाबाई म्हणत, म्हणून तर ह्यांना भाजी करपली तरी चालती.

“काय रं रंभाजी, रिटायर झाला तरी ड्रॉइंग चालूच?”

“सुनंची परीक्षा हाय.”

“लई ब्येस.” कल्याणरावांनी भिंतीवर नजर फिरवली आणि खुर्चीत बसले. “आन् आपला प्रवीण काय म्हंतो? जयंतीला बी दिसला न्हाई औंदा.”

“कंपनीत हाय. ओव्हरटाईम असतो. सुट्टी भेटत न्हाई.”

“व्हय, कंपनीचं तसंच असतं.”

जयमालानं चहाचा कप त्यांच्यापुढं ठेवला. “साखर कमी नाही ना, मामा?” तिनं विचारलं. सासऱ्यांनाही ती मामाच म्हणायची आणि त्यांच्या मित्रांनाही.

प्रवीण चाकणला होता हे खरं. तिथं त्याचा दुसरा संसार होता, त्यात एक लहान मुलगी होती, हेही खरं. गल्लीत सगळ्यांना ते माहीत होतं, आणि कल्याणरावांनाही. पण ते भेटले की विचारायचे आणि रंभाजी सांगायचे. इतक्या वर्षांत प्रश्नातला एक शब्द बदलला नव्हता की उत्तरातला.

पुढच्या आठवड्यात जयमालानं निघण्याच्या घाईत रंभाजींपुढं एक कागद ठेवला. त्यावर चौकटींच्या दोन ओळी होत्या. वरच्या ओळीत एक्स, खालच्या ओळीत एकाला एक्सनं भागून काय येतं ते.

“मामा, एवढा वन अपॉन एक्सचा काढून ठेवाल? रविवारी परीक्षा आहे. आकडे मी काढलेत, फक्त बिंदू घालून जोडायचेत.”

“ठिव. तू जा, बस जाईल.”

ती गेली. रंभाजींनी बोर्ड मांडीवर घेतला, अक्ष आखले आणि बिंदू घातले. डावीकडचे सगळे बिंदू आडव्या रेघेच्या खाली होते आणि मध्याकडे येताना आणखी खाली चालले होते. उजवीकडचे सगळे वर होते, आणि ते मध्याकडे येताना वर चालले होते. डावीकडं अर्ध्यावर उणे दोन. उजवीकडं अर्ध्यावर अधिक दोन. शून्याची चौकट रिकामी होती.

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. रिकामीच होती. राहून गेलं असणार. सकाळी घाईच इतकी असते.

एका बाजूला उणे दोन आणि दुसऱ्या बाजूला अधिक दोन, तर मधोमध शून्यच असायला हवं. हे ताडायला त्यांना काही वेळ लागला नाही. त्यांनी मध्यावर एक बारीक बिंदू दिला. वाकड्या रेघा काढायच्या पट्टीला ऑफिसात फ्रेंच कर्व्ह म्हणत. ती त्यांनी फिरवून फिरवून बिंदूंना लावून बघितली, पेन भरलं आणि रेघ सुरू केली. रेघ डावीकडून आली, उतरली, खाली वळली, मध्यातून तिरकी चढत वर गेली आणि मग निवांतपणे उजवीकडं पसरत गेली. कुठं जोड नव्हता. त्याच वेळी रेंजवर एक गोळा पडला आणि तावदान वाजलं. रेघ तशीच पुढं गेली.

ती काढताना ते तिसगावच्या खोलीचा विचार करत होते. खोलीला खिडकी असेल का, पाण्याची सोय काय असेल, असा. हे त्यांनी नंतर आठवून पाहिलं, तेव्हा त्यांना त्याचं काय करावं ते कळलं नाही.

संध्याकाळी जयमालानं कागद बघितला. “किती सुंदर आलाय,” ती म्हणाली. तिनं सवयीनं हिराची काडी त्यावरून सरकवली. काडी सगळीकडं एकेकदाच टेकली.

“हा साप पास?” भिमाबाईंनी विचारलं.

“पास.”

परीक्षेचा निकाल पुढच्या रविवारी, वर्गातच कळला. जयमाला दुपारी परत आली, चप्पल काढली, हातपाय धुतले आणि रंभाजींसमोर येऊन बसली.

“मामा, मी नापास झाले.”

भिमाबाई दळण निवडत होत्या. त्यांचा हात थांबला.

“कशात गं?”

“थोडक्यात गेलं. पुढच्या रविवारी परत घेणार आहेत, राहिलेल्यांची.” तिनं ओले हात पुसले. “ते वन अपॉन एक्सचं मोठं होतं. त्याच्यावर आणखी दोन प्रश्न होते. ते सगळंच गेलं. मधे जोडायचं नव्हतं म्हणाल्या मॅडम.”

“जोडायचं न्हाई म्हंजी?”

“शून्यावर काही नाही. तिथं रेघ तुटते.”

“मग तू ती चौकट मोकळी सोडली हुती ती राह्यली न्हवती?”

“नाही मामा. तिथं काही येतच नाही, म्हणून सोडली होती.” तिच्या लक्षात आलं की आपण काय बोललो. ती घाईनं म्हणाली, “चूक माझी आहे. मलाच कळायला हवं होतं. मी भिंतीवर बघून बघून तसंच पाठ केलं.”

जयमाला कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली. दळणातला खडा बाजूला टाकत भिमाबाई खालच्या आवाजात म्हणाल्या, “एक इचारू का?”

“इचार.”

“मुद्दाम जोडली का?”

रंभाजींनी त्यांच्याकडं बघितलं. भिमाबाई सुपातच बघत होत्या.

“रागवू नका. मी आसते तर जोडली आसती. चांगली जाडजूड जोडली आसती. पास झाली म्हंजी ती जानार. मग तुमी आन् मी, आन् ह्या भिताडावरची वाटी आन् नरसाळं.” त्यांनी सूप पाखडलं. “तिचं काय चुकलंय, जाऊ दे म्हंते मी बी. पन तोंड म्हंतं तसा हात चालत न्हाई.”

“मला रिकामं दिसलं,” रंभाजी म्हणाले. “म्हनून भरलं.”

“मग बरं.”

पण ते उत्तर पुरेसं झालं, असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं नाही. दोघांच्याही.

दुसऱ्या दिवशी जयमाला कामावर गेल्यावर रंभाजींनी भिंतीवरचा तो कागद उतरवला, गुंडाळी केली, इस्त्रीचा सदरा घातला आणि ते नगरला गेले. भिमाबाईंनी विचारलं तेव्हा “पेन्शनचं काम हाय” म्हणाले. खरं तर ते भांडायला चालले होते. गुपचूप, पण भांडायलाच. रेघ चूक असेल तर ती ज्यानं काढली त्याच्या नावावर धरा, पोरीचे मार्क कापू नका, असं त्यांनी बसमध्ये मनाशी जुळवलं होतं. आणि त्यातही आतून त्यांना वाटत होतं की रेघ चूक नसेलच.

कॉलेजातल्या शिपायानं त्यांना गणिताच्या खोलीत नेलं. “मॅडम, कुनाचे तरी सासरे आलेत,” त्यानं सांगितलं.

राजनंदिनी मॅडम वयानं लहान होत्या, जयमालापेक्षाही. त्या उठून उभ्या राहिल्या आणि त्यांनी खुर्ची पुढं केली. रंभाजी बसले नाहीत. त्यांनी टेबलावर कागद पसरला आणि कोपऱ्यांवर मॅडमचीच पुस्तकं ठेवली.

“हे मी काढलंय. तिनं न्हाई. तिनं ह्याच्यावर बघून काढलं.”

मॅडम बराच वेळ कागद बघत राहिल्या.

“किती स्वच्छ काढलंय हो,” त्या म्हणाल्या. “काय करत होता तुम्ही?”

“ट्रेसर हुतो. म्याडम, आमच्यात रेघ मधी तोडली की ड्रॉइंग परत यायचं.”

“आमच्यात इथं तोडली नाही तर परत येतं,” त्या हसून म्हणाल्या. मग त्यांना वाटलं असावं की हसायला नको होतं. त्यांनी पेन्सिल घेतली. “बाबा, तुम्ही अर्ध्यावर दोन घेतलेत ना? ते बरोबर आहे. आता अर्ध्याच्याही आत या. पावावर. एकाला पावानं भागलं तर?”

“चार.”

“एका भाकरीचे पाव पाव तुकडे केले की चार होतात. अजून बारीक तुकडे करा, दहावा भाग.”

“धा व्हत्याल.”

“शंभरावा?”

“शंभर.” रंभाजींनी कागदाकडं बघितलं. त्यांच्या रेघेवर त्या ठिकाणी शंभर नव्हतं. त्यांची रेघ तिथं खाली, मध्याकडं उतरायला लागली होती.

“तुमची रेघ खाली येतेय,” मॅडम म्हणाल्या, “आणि ती तर वर चाललीय. जितकं शून्याजवळ जाल तितकी वर.”

“म्हंजी कागद पुरनार न्हाई.”

“नाही पुरणार.”

“आन् ह्या बाजूनं खाली.”

“खाली. तिकडंही नाही पुरणार.”

रंभाजी खुर्चीत बसले. बाहेर व्हरांड्यातून मुलं गलका करत गेली. मग शांत झालं.

“आन् बरोबर शून्यावर?”

“शून्याएवढे तुकडे कसे करायचे, सांगता येतं का?”

“न्हाई.”

“मग तिथं काही नाही. शून्यसुद्धा नाही. तिथं आपण काही काढत नाही, एवढंच.” त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. “कलनात पुढं सारखं हेच विचारायचं असतं. रेघ कुठं सलग आहे आणि कुठं तुटलीय. म्हणून तर आधी ही उजळणी.”

मार्कांचं बोलणं निघालं नाही. रंभाजींनी कागद पुन्हा गुंडाळला. दारातून ते मागं वळले.

“पोरगी हुशार हाय,” ते म्हणाले.

“माहीत आहे मला,” मॅडम म्हणाल्या.

घरी येऊन त्यांनी नवा कागद घेतला. अक्ष आखले, बिंदू घातले. डावीकडचा तुकडा सोपा गेला. रेघ खाली उतरली, उभ्या अक्षाच्या जवळ जवळ सरकली आणि त्याला न टेकता कागदाच्या खालच्या कडेला जाऊन संपली. तिथं पेन उचलायचं होतं. रंभाजींनी उचललं नाही. कडेला आलेलं टोक तसंच दाबून धरलं, आणि शाईचा ठिपका पसरला.

त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि दुसरा घेतला. त्यावरही तेच झालं. या वेळी ठिपका लहान होता.

भिमाबाई दारात उभ्या होत्या. कधीपासून, कोण जाणे.

“शाई वाया चाललीया,” त्या म्हणाल्या.

“चालू दे.”

“धरू का कागद?”

त्या समोर येऊन बसल्या आणि त्यांनी दोन्ही हातांनी कागदाच्या कडा दाबून धरल्या. त्यांच्या बोटांना पीठ होतं. रंभाजींनी तिसऱ्यांदा रेघ काढली. कडेपाशी पेन उचललं, फडक्याला पुसलं, पुन्हा शाई भरली आणि हात कागदाच्या वरच्या टोकाला नेला. तिथून, कागदाच्या बाहेरून आल्यासारखी, दुसरी रेघ सुरू केली.

दोन तुकडे झाले. एक खाली डावीकडं, एक वर उजवीकडं. मध्ये उभा अक्ष एकटाच होता.

“आता घे बघून,” संध्याकाळी त्यांनी जयमालाला सांगितलं. तिनं कागद बघितला, मग कागदाच्या दोन्ही कडांवरचे पिठाचे ठसे बघितले. तिनं तो जुन्याच्या जागी लावला.

पुन्हा घेतलेल्या परीक्षेत ती पास झाली. पुढं कलनाचा वर्ग सुरू झाला. आता भिंतीवर नवे कागद लागले नाहीत, कारण पुढचं काम आलेख काढायचं कमी आणि वहीत आकडेमोडीचं जास्त होतं. रंभाजींना त्यातलं काही कळत नव्हतं. सकाळी ती मोठ्यानं सूत्रं म्हणायची आणि भिमाबाई भाकरी थापता थापता हुंकार द्यायच्या, जणू कुणी कहाणी सांगतंय. कलनाचा पेपर झाला. निकाल लागायला बरेच दिवस गेले. जयमाला काठावर पास झाली. तिसगावच्या बाईंना फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या, सोमवारपासून या.

रविवारी दुपारी रंभाजी तिला बसथांब्यावर पोचवायला गेले. पाथर्डीकडे जाणारी बस भिंगारमधूनच पुढं जाते. एक पत्र्याची पेटी, एक गाठोडं आणि पाण्याची बाटली, एवढं सामान. भिमाबाई आल्या नव्हत्या. पाय दुखतो म्हणाल्या. निघताना त्यांनी जयमालाच्या पिशवीत भाकऱ्यांची चवड घातली आणि म्हणाल्या, “नापासच हायेत, पन खा.”

थांब्यावर सावली कमी होती. कल्याणराव सायकलवरून दुधाची किटली घेऊन चालले होते. त्यांनी पेटी बघितली आणि ते उतरले.

“काय, सूनबाई म्हायेरी?”

“न्हाई. नोकरी लागली तिला. तिसगावला.”

“अरं वा. लई ब्येस झालं.” कल्याणरावांनी सायकल स्टँडला लावली. मग सवयीनं विचारलं, “आन् आपला प्रवीण काय म्हंतो?”

“कंपनीत—” रंभाजी म्हणाले आणि थांबले.

जयमाला रस्त्याकडं बघत होती. लांबवर लष्कराचा एक ट्रक येत होता, बस नव्हती.

“त्याचं काय ठाऊक न्हाई,” रंभाजी म्हणाले. “तो येत न्हाई.”

कल्याणरावांनी मान हलवली. पुढचं वाक्य त्यांच्याकडं तयार होतं, कंपनीचं तसंच असतं हे. पण ते आता बसत नव्हतं. त्यांनी किटलीचं झाकण उगाचच घट्ट केलं. जयमालानं वळून सासऱ्यांकडं एकदा बघितलं आणि मग खाली वाकून पेटीची कडी नीट लागलीय का ते बघितलं.

“चलू का मग,” कल्याणराव म्हणाले. “दूध नासंल.” जाता जाता त्यांनी जयमालाला सांगितलं, “तिसगावचा बाजार लई मोठा आसतो बरं का पोरी. संभाळून.”

बस आली. पेटी रंभाजींनीच चढवली. जयमाला खिडकीत बसली आणि “मामा, आत्यांच्या गोळ्या वरच्या फळीवर आहेत,” असं म्हणाली. “व्हय,” ते म्हणाले. बस निघाली. त्यांनी हात वर केला की नाही, ते त्यांना नंतर आठवेना.

घरी आले तेव्हा भिमाबाई स्वयंपाकघरात भिंतीसमोर उभ्या होत्या. वाटी, नरसाळं, सरळ रेघ, सगळं जयमालानं उतरवून नेलं होतं, मुलींना दाखवायला. त्या जागा बाकीच्या भिंतीपेक्षा उजळ दिसत होत्या. एकच कागद राहिला होता.

“ह्यो कसा इसरली?”

“इसरली न्हाई. तिला पाठ हाय ती.”

भिमाबाई आणखी जवळ गेल्या. त्यांनी डावीकडच्या रेघेवरून बोट फिरवलं, खाली खाली, कागदाच्या कडेपर्यंत. मग वर जाऊन दुसरी रेघ धरली. मग बोट मध्ये आणलं आणि तिथं ठेवलं.

“मधी काय काढलंच न्हाई.”

“मधी काय न्हाई.”

त्यांनी पदरानं कागदाच्या कडेवरचं पीठ पुसायला घेतलं. ते वाळून घट्ट झालं होतं, निघालं नाही.

“बरं दिसतंय पन,” त्या म्हणाल्या आणि परात घ्यायला वाकल्या.